विहिरीच्या तोंडावरील कडी

कन्नड तालुक्यांतील पिशोर गांवीं गेलों असतां एका विहिरीचें खोदकाम पाहण्याचा योग आम्हांस आला. यारीच्या दोरानें दगडांची बादली वर येत होती, आणि त्याच बादलींत बसून माणसें खालीं उतरत होतीं. दोर नवा होता, कप्पी चांगली होती. परंतु दोर व बादली यांस जोडणाऱ्या शॅकलची मूळची खीळ हरवली होती आणि तिच्या जागीं दुकानांतील एक साधा बोल्ट घातला होता. आम्हीं विचारलें, तेव्हां "वर्षभर टिकलाय साहेब, काय होत नाय," असें उत्तर मिळालें. या उत्तरांत एका मोठ्या इतिहासाचा विसर सांठलेला आहे.

याच जिल्ह्यांत वेरूळ येथें आठव्या शतकांत राष्ट्रकूटांनीं कैलास लेणें शिखरापासून पायथ्याकडे कोरीत आणलें. तेथें शिखराचा दगड वर चढविण्याचा प्रश्नच उद्भवला नाहीं. विहिरीस ही युक्ति लागू पडत नाहीं; तिच्यांतून निघेल तें उचलूनच काढावें लागतें. मोटेच्या काळीं नाडा झिजला कीं त्याचे तंतु सुटत आणि शेतकऱ्यास आधींच सूचना मिळे. लोखंड मात्र बहुधा मुकेपणानें तुटतें.

म्हणूनच लोखंडाची परीक्षा करणें भाग पडलें. १८०८ सालीं ब्रिटिश आरमारांतील सॅम्युएल ब्राउन या अधिकाऱ्यानें जहाजांच्या लोखंडी साखळदंडांचें पेटंट घेतलें आणि तागाच्या दोरांची जागा साखळ्या घेऊं लागल्या. परंतु वाईट जोडाची साखळी दिसावयास चांगल्या साखळीसारखीच असते. अखेर १८६४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून साखळदंड विकण्यापूर्वीं त्यांची ताण देऊन परीक्षा करणें आवश्यक ठरविलें. त्याच सुमारास जर्मनींत व्होलर यानें आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं सहज पेलणारा भारही पुनःपुन्हां पडत राहिल्यास लोखंड मोडूं शकतें. वर्षभर टिकलें म्हणून पुढेंही टिकेल, हा तर्क तेव्हांच निकालांत निघाला.

शॅकलवर कोरलेला आंकडा हा तिच्या तुटण्याचा भार नव्हे. तुटण्याचा भार त्याच्या पांच-सहा पट ठेवलेला असतो; ही शिल्लक झटके, झीज आणि माणसाची चूक यांसाठीं आहे, अधिक माल उचलण्यासाठीं नव्हे. शिवाय तो आंकडा सरळ ओढीपुरता खरा असतो. ओढ अगदीं आडवी पडली तर सुरक्षित भार निम्म्यावर येतो. दोन दोरांनीं ओझें उचलतांना ते जमिनीशीं तीस अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक दोरावर अर्धा नव्हे, संपूर्ण भार पडतो. खीळ तर दोन ठिकाणीं कातरली जाऊं पाहते. तिचें पोलाद कडीच्या तोलाचेंच असावें लागतें. बाजारी बोल्टास ती ओळख नसते.

आपल्याकडे हें ज्ञान प्रथम गोद्यांतून आलें. मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० सालीं खुला झाला. गोदी-कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा मात्र १९३४ सालीं आला. पुढें १९४८ च्या कारखाना-कायद्याच्या २९ व्या कलमानें उचलण्याच्या साखळ्या, आंकडे व शॅकल यांची बारा महिन्यांतून निदान एकदां जाणकाराकडून तपासणी करण्याचें बंधन घातलें. परंतु तें बंधन कारखान्यांपुरतें होतें; पिशोरच्या विहिरीवर तपासनीस कोण येणार?

तेथें तपासनीस होणें हें यारीवाल्याचेंच काम आहे. वाकलेली, तडकलेली वा झिजलेली कडी फेकून द्यावी, खीळ मूळचीच वापरावी, आणि शक्य तोंवर बादलींतून माणूस उतरवूंच नये. आम्ही निघालों तेव्हां तो बोल्ट अजून तेथेंच होता, आणि खालून एका माणसाचें गाणें ऐकूं येत होतें.