ताम्रपट आणि छापील सर्किट

तांब्यावर उमटलेली रेघ टिकाऊ असते, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. म्हणूनच राजेलोक दानपत्रें ताम्रपटांवर कोरवीत. मराठी मुद्रणाच्या कथेचा आरंभहि तांब्यापाशींच होतो. नाना फडणिसांच्या काळीं पुण्यास एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता खोदावयास घेतली व पुढें मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं ती छापून निघाली. ह्याच तांब्याचा आणि छपाईचा दुसरा एक संयोग विसाव्या शतकांत घडून आला. त्याचे धागे परभणीसारख्या जिल्ह्यापर्यंत कसे येऊन पोंचले, तें येथें सांगावयाचें आहे.

पूर्वींच्या रेडिओचें पोट उघडलें म्हणजे आंत तारांचें जंजाळ दिसे. प्रत्येक तार हातानें कापावयाची, सोलावयाची आणि डाख देऊन जोडावयाची. पॉल आइसलर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनीयर १९३६ सालीं इंग्लंडांत आला. छापखान्याच्या धंद्याची त्याला ओळख होती. तारा जोडण्याऐवजीं त्या छापूनच कां काढूं नयेत, असें त्याच्या मनानें घेतलें. वीज न वाहणाऱ्या पाटीवर तांब्याचा पातळ थर चिकटवावा, हव्या त्या रेघा शाईनें झांकाव्या आणि उरलेलें तांबें तेजाबानें खाऊन टाकावें, ही त्याची रीत. ठसे तयार करणाऱ्यांची जुनीच विद्या त्यानें विजेच्या कामीं लावली.

परंतु एका मोठ्या कारखान्यानें त्यास नकार दिला. तारा जोडणाऱ्या मुली स्वस्तांत मिळतात, मग हा खटाटोप कशास, असें त्याला सांगण्यांत आलें म्हणतात. पुढें युद्ध पेटलें, आणि ज्या देशाच्या आश्रयास तो आला होता त्यानेंच त्याला शत्रुदेशीय म्हणून स्थानबद्ध केलें. १९४१ मध्यें सुटल्यावर शिळाछापाचें काम करणाऱ्या एका लंडनच्या मंडळीनें त्याला हात दिला. १९४३ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. मंजुरी मिळावयास १९५० साल उजाडलें. दरम्यान अमेरिकेनें तोफगोळ्यांच्या फ्यूजांत छापील सर्किटें वापरलींहि होतीं. स्वस्त मजुरी ही नव्या विद्येच्या वाटेंतील केवढी मोठी धोंड असते, हें आम्हां भारतीयांस निराळें सांगावयास नको.

आमचा ह्या विद्येशीं संबंध आला तो विहिरीवरील पंपामुळें. वीज रात्रीं-अपरात्रीं येई आणि घरचें माणूस कंदील घेऊन, विंचू-सापांची भीति मनांत बाळगून, मोटर सुरू करावयास शेतांत जाई. वीज येतांच, आणि तिन्ही फेज ठीक असतील तरच, मोटर आपोआप सुरू व्हावी असें यंत्र करण्याचें आम्हीं ठरविलें. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून आणविले. मोठ्या शहरांतील एका कारखानदाराकडे पी. सी. बी. साठीं विचारलें, तर एका नगासाठीं आम्ही फिल्म करीत नाहीं, निदान पन्नास घ्या, असें उत्तर आलें. मग घरींच उद्योग मांडला. तांबें चढविलेल्या पाटीवर इनॅमल रंगानें रेघा काढल्या, प्लॅस्टिकच्या तबकांत फेरिक क्लोराइडचें द्रावण घेऊन पाटी हलवीत बसलों, बारीक गिरमिटानें भोकें पाडलीं; आणि भाग बसवूं लागतों तों सगळेंच उलटें! नकाशा भागांच्या बाजूनें काढला होता. तांब्याच्या बाजूस त्याचें आरशांतील रूप हवें होतें. खिळे जुळविणाऱ्या कोणत्याहि कंपॉझिटरनें ही चूक आम्हांस आधींच सांगितली असती. दुसरी पाटी साधली.

आतां असा खटाटोप करावा लागत नाहीं. संगणकावर काढलेला नकाशा 'गर्बर' नांवाच्या फाइलींत पाठवावा. कारखानदार अनेक गिऱ्हाइकांचे नकाशे एकाच मोठ्या पाटीवर मांडून खर्च वांटून टाकतो, आणि पांच-दहा नगहि कुरियरनें घरपोंच येतात. हें नांव जोसेफ गर्बर ह्या संशोधकाचें. तोहि व्हिएन्नाचाच, नाझींच्या जांचांतून सुटून १९४० सालीं अमेरिकेस गेलेला. एका नगरानें आपलीं दोन माणसें घालविलीं, आणि त्यांच्या विद्येचा लाभ आज जिंतूर-गंगाखेडच्या पोरालाहि होतो.

मात्र एक गोष्ट आमच्या मनास खटकते. बाहेरून आलेली पाटी बंद पडली, कीं ती फेंकून देण्याकडे सर्वांचा कल असतो. कारण तिच्यावरची रेघ कोठून कोठें जाते तें कोणासच ठाऊक नसतें. आमची ओबडधोबड पाटी तीनदां बिघडली आणि तीनदां शेताच्या बांधावर बसून दुरुस्त झाली. पाट्या खुशाल दूरदेशीं छापाव्या. पण आपल्या शाळांतील प्रत्येक मुलानें एकदां तरी स्वतःच्या हातानें तांब्यावर रेघ काढून ती द्रावणांत टिकते कीं नाहीं, तें पाहावें. नकाशा आपला असला, म्हणजे रात्रीं शेतांत जावें लागणाऱ्या माणसाची अडचणहि त्यांत मांडली जाते.