कथा किती जुनी? आधी दगडावरची अक्षरे वाचा

एकीकडे 'आमची कथा लाखो वर्षांपूर्वीची' असे सांगणारे आहेत. दुसरीकडे दोन नावांचा उच्चार जुळवून 'बघा, मूळ बौद्धच!' असा निकाल देणारे आपल्यातलेच काही. आम्हाला दोन्ही मान्य नाही. शब्दांची रूपे काळाबद्दल बोलतात, पण ती वाचण्याचे नियम आहेत.

मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यातील भरहुतचा स्तूप घ्या. त्याचे अवशेष कनिंगहॅम यांना १८७३ साली सापडले. कठड्याचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. शिल्पांवर कथांची नावे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. काळ साधारण इ.स.पूर्व दुसरे शतक.

जेतवन दान देणारा पाली ग्रंथांत 'अनाथपिण्डिक' आहे, भरहुतला 'अनाधपेडिको'. 'थ'चा 'ध' होणे ही प्राकृतातली नंतरची पायरी. म्हणजे दगड जुना, पण त्यावरचे रूप नवे. पोथ्या कितीतरी नंतरच्या, पण त्यांत रूप जुने! यावरून एवढे नक्की कळते की हे नाव कोरण्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होते.

आता उलटे उदाहरण. पालीतला 'विधुर' भरहुतला 'वितुर' आहे. इथे मऊ अक्षराच्या जागी कठोर अक्षर आले. एका अक्षरावरून निकाल देणाऱ्याची फसगत इथेच होते. त्याच लेखात 'पुण्णक'चे 'पुनक' झाले आहे. पण त्या काळच्या ब्राह्मीत जोड व्यंजन एकदाच लिहीत. तो उच्चारातला फरक नाही, लिहिण्याची रीत आहे.

मग सिद्ध काय होते? इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत या कथा रुजल्या होत्या. भरहुतच्या दात्यांत 'करहकट' म्हणजे आपल्या कऱ्हाडचा निगमही आहे. एवढ्या दूरचे लोक या स्तूपाशी जोडलेले होते. कथेचा जन्म कधीचा, हे मात्र दगड सांगत नाही. तो 'निदान इतकी जुनी' एवढेच सांगतो.

हीच मोजपट्टी आम्ही समोरच्याच्या कथांना लावतो, म्हणून ती आधी स्वतःला लावली पाहिजे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ चा ग्रंथ विरोधकांचेच ग्रंथ तपासून, पुराव्यांची मांडणी करून लिहिला. उच्चाराच्या जुळवाजुळवीवर उभी केलेली बाजू पहिल्याच प्रश्नाला कोसळते, आणि तिच्यासोबत आपला खरा पुरावाही बदनाम होतो.

जय भीम!