लातूरच्या वकिलाची हद्दपारी

दर १७ सप्टेंबरला नांदेडच्या आमच्या शाळेत मुक्तिदिनाचे झेंडावंदन होते. एका वर्षी ते आटोपल्यावर एका मुलाने विचारले, “गुरुजी, कासिम रझवीला हद्दपार कोणत्या कोर्टाने केले?”

मी गप्पच राहिलो. रझाकारांच्या जुलमाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकत मी वाढलो. पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

घरी येऊन पुस्तके चाळली. रझवी लातूरला वकिली करी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तो पकडला गेला. बीबीनगरच्या दरोड्याबद्दल खास न्यायमंडळाने त्याला सात वर्षांची सक्तमजुरी दिली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले; जानेवारी १९५३ मध्ये तेथेही तो हरला. या शिक्षेत देशाबाहेर घालविण्याचा शब्द नाही! असणार तरी कसा? १९४६ च्या कायद्याने सरकार परकीयाला गुन्ह्यावाचूनही बाहेर काढू शकत असे. स्वतःच्या नागरिकाला मात्र गुन्हा शाबीत झाल्यावरही नाही.

१९५७ च्या सप्टेंबरात तो सुटला. म्हणतात की, ४८ तासांत पाकिस्तानात निघून जाण्याच्या अटीवर. तो गेला, आणि १९७० साली कराचीत वारला.

त्याच्याविषयी मला कणव नाही. त्याच्या माणसांनी उद्ध्वस्त केलेली घरे आमच्या मुलखात थोडीथोडकी नव्हती. पण शिक्षा निराळी आणि अट निराळी.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगितले, “कोर्टाने नव्हे रे, बाळ.”

“मग कोणी, गुरुजी?”