मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचाय? आधी कागदपत्रं तपासा

बारावी सायन्सचा निकाल लागला की भायखळा, मदनपुऱ्यापासून परळ-लालबागपर्यंत घराघरांत एकच सवाल असतो, आता पुढे काय? मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं असेल तर निकालापर्यंत थांबून चालत नाही. मार्क चांगले असूनही एका दाखल्यापायी सीट हातची जाते, म्हणून ही माहिती.

परीक्षा : महाराष्ट्रातले बहुतेक प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, एकूण २०० मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर उर्दू किंवा मराठीतून देता येतो, गणित मात्र फक्त इंग्रजीत. उर्दू मीडियमच्या मुलांनी गणितातले इंग्रजी शब्द अकरावीतच पक्के करावेत. बारावीला संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात.

कॉलेज : माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालं आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आलं. तिथली चुरस मोठी. भायखळ्यात अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दीक, वांद्र्यात रिझवी, नवीन पनवेलला अंजुमनचंच काळसेकर, ही मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजं. अशा कॉलेजात ५१ टक्के जागा अल्पसंख्याक कोट्याच्या असतात. कुठे मेकॅनिकलच्या किती जागा आहेत, हे त्या वर्षीच्या यादीत बघूनच पर्याय भरा.

कागदपत्रं : दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, आधार, उत्पन्नाचा दाखला. अल्पसंख्याक कोट्यासाठी धर्माची नोंद असलेला दाखला आणि घोषणापत्र लागतं. सगळ्यात जास्त अडचण नावाची. एकीकडे 'मोहम्मद', दुसरीकडे नुसतं 'मोहं.', अब्बांचं नाव तिसरीकडे वेगळंच. ही दुरुस्ती दहावीतच करून घ्या.

बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या बिरादरीच्या मुलांना जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर, तिन्ही लागतात. पडताळणीला महिने लागतात, तेव्हा अकरावीतच अर्ज टाका. ओपनमधल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आणि बाकी अटींत बसणाऱ्या कुटुंबांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. तो आपल्यासाठी नाही, हा गैरसमज आहे. फक्त अल्पसंख्याक कॉलेजांत हा कोटा लागू नसतो.

कॅप फेऱ्या : नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती मेरिट लिस्ट, हरकती, अंतिम लिस्ट, पर्याय भरणं, सीट वाटप, असा क्रम. तात्पुरत्या लिस्टमध्ये नाव, गट, मार्क नीट बघा. चूक दुरुस्त करायची वेळ तीच. पर्याय भरताना 'कुठे मिळेल' यापेक्षा 'कुठे हवंय' या क्रमाने भरा. पहिल्या पर्यायाची सीट मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत बदल नाही.

फी : टीएफडब्ल्यूएसच्या जागांवर ट्यूशन फी माफ असते, त्याचा पर्याय वेगळा भरावा लागतो, बरेच जण तिथेच विसरतात. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत ट्यूशन फीचा अर्धा भाग मिळतो, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. मेकॅनिकल म्हणजे मुलांचीच शाखा, असं म्हणून मुलीला अडवण्याआधी हा हिशेब घरात जरूर करा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

दुसरी वाट : दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे सीईटी नाही, डिप्लोमाचे मार्क चालतात. ज्या घरात लवकर कमावणं गरजेचं आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता कमी दर्जाचा नाही.

तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. सीईटी सेलची माहिती पुस्तिका आई-वडिलांनी मुलांसोबत बसून वाचावी.