गणपत हवालदार ते राधिका

दूरदर्शनवर १९८६ मध्ये ‘नुक्कड’ आली. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांनी मुंबईच्या एका नाक्यावरची गरीब माणसे तीत मोठ्या मायेने उभी केली. त्यातला अजय वढावकरांचा गणपत हवालदार मला आजही आवडतो. अडचण त्या आवडण्यातच आहे. उत्तरेतल्या कित्येक घरांत मराठी माणूस पहिल्यांदा पोहोचला तो असा, खाकी गणवेशात आणि मराठी वळणाच्या हिंदीत.

हा साचा हवेतून आलेला नव्हता. मुंबईच्या पोलीस दलातले शिपाई बहुतांशी मराठीच होते. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे गिरण्यांत, गोदीत, घरकामात होती. ‘घाटी’ आणि ‘रामा’ हे हिणवणारे शब्द टीव्हीपेक्षा जुने आहेत. १९७५ मध्ये दादा कोंडके यांनी ‘पांडू हवालदार’ काढून याच शिपायाला नायक केले होते. पण त्या चित्रपटात हवालदार मराठी, तसा चोरही मराठी आणि साहेबही मराठी. हिंदी मालिकेत मराठी माणसाच्या वाट्याला बहुधा एकच जागा येते आणि तीच त्याची ओळख ठरते.

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २००८ मध्ये सुरू झाली. गोकुळधाममध्ये गुजराती जेठालाल दुकानदार, तमिळ अय्यर शास्त्रज्ञ आणि मराठी भिडे काटकसरी शिकवणी मास्तर. मार्च २०२० मध्ये, मुंबईची भाषा हिंदी आहे अशा अर्थाच्या एका संवादावरून वाद पेटला आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. एका वाक्याला आक्षेप घेता येतो. बारा वर्षे रोज दिसणाऱ्या श्रमविभागणीला कोणी घेतला नाही.

इथवर आपण तक्रारदार आहोत. आता आपल्या घरात पाहू.

प्रेक्षकसंख्येची मोजणी दीर्घकाळ मुख्यत्वे शहरांपुरती होती. ‘बार्क’ने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भागाचे आकडे देणे सुरू केले. लगेच २०१६ मध्ये झी मराठीवर मालवणी ‘रात्रीस खेळ चाले’, नागपूरच्या राधिकेची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आणि कोल्हापूरकडची ‘तुझ्यात जीव रंगला’ आल्या. हा निव्वळ योगायोग असेल, असे मला वाटत नाही. बोलींना पडदा मिळाला, पण नेमून दिलेल्या कामासह. मालवणीला भूत-भानामती, कोल्हापूरला तांबडी माती, वऱ्हाडीला भाबडेपणा. भुताखेतांच्या चित्रणावरून सिंधुदुर्गातून विरोधही झाला. राधिका पुढे मसाल्याच्या उद्योगाची मालकीण होते, हे मालिकेचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र सुरुवातीला तिचे गावंढळपण प्रेक्षकाला कळावे यासाठी वापरलेले साधन तिची बोली हेच होते.

मी अमरावती जिल्ह्यातला. ‘मले, तुले’ ही आमच्या घरातली भाषा. राधिकेचे बोलणे टीव्हीवर ऐकून आई हरखली होती. पुण्यात शिकणारी भाची मात्र फोनवर म्हणाली, “मामा, आता मी बोलली का पोरी हासतात. राधिका आली म्हनतात.” त्या पोरी मराठीच होत्या. गणपत हवालदाराला हसणाऱ्यांवर आपण चिडतो, तेव्हा या हसण्याचा हिशेब कुठे मांडायचा?

माझ्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा इतिहास तिथून सांगायला सुरुवात होते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. पण वऱ्हाडीत बोलणारी न्यायाधीश किंवा डॉक्टर, आणि तिच्या बोलण्यावर कोणी हसत नाही, अशी मराठी मालिका मी अजून पाहिलेली नाही.

भाची आता पुण्यात ‘मला, तुला’ म्हणते. सुटीत घरी आली की पहिला दिवस तेच चालते. दुसऱ्या दिवशी आजीशी बोलता बोलता ‘मले’ परत येते.