मध्यफळीतील खेळाडू आणि तिचा चरितार्थ : भारतीय महिला फुटबॉलच्या इतिहासातील एक प्रश्न

मुंबईतील माहीमचा केंकरे फुटबॉल क्लब इ. स. २००० मध्ये स्थापन झाला. या क्लबाच्या महिला संघाने २०१९-२० च्या भारतीय महिला लीग स्पर्धेत भाग घेतला. स्पर्धेच्या निकालाकडे पाहिले तर ही घटना गौण ठरेल. परंतु शहराच्या क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने ती विचारार्ह आहे. ज्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून आणि हारवुड लीग १९०२ पासून खेळली गेली, त्या मुंबईतील क्लबाचा महिला संघ राष्ट्रीय लीगमध्ये दिसतो तो एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस. स्त्रियांना खेळाची आवड नव्हती, किंवा समाजाचा विरोध होता, एवढेच सांगून या विलंबाची उपपत्ती लागत नाही. ज्या मध्य मुंबईतील क्रीडामंडळांनी मुलींच्या कबड्डीला व खो-खोला आश्रय दिला, तेथे मुलींनी मैदानावर उतरणे ही अपूर्व गोष्ट नव्हती. म्हणून प्रश्न निराळ्या रीतीने मांडावयास हवा : फुटबॉल खेळणाऱ्या स्त्रीच्या चरितार्थाची सोय कोणी केली, आणि कोठे केली?

या प्रश्नाच्या विवेचनासाठी मध्यफळीतील खेळाडूचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. फुटबॉलची उपलब्ध नोंद ही मुख्यत्वे गोलांची नोंद असते. आघाडीच्या खेळाडूचे नाव वृत्तपत्राच्या रकान्यात टिकून राहते; परंतु बचाव आणि आघाडी यांना जोडणारी, चेंडू हिसकावून घेऊन तो योग्य जागी पोचविणारी मध्यफळीतील खेळाडू या नोंदीत क्वचितच सापडते. तिची कारकीर्द गोलांच्या संख्येवरून मोजता येत नाही. ती किती वर्षे खेळली, कोणाच्या आश्रयाने खेळली आणि कोणत्या पदावर राहिली, यांवरूनच तिचे मोल ठरते. अर्थात तिचे चरित्र हे पर्यायाने तिला आश्रय देणाऱ्या संस्थांचाही इतिहास असते.

पुरुष खेळाडूंपुरते पाहिल्यास मुंबईने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. मफतलालसारख्या गिरण्या, टाटा, कॅल्टेक्स, महिंद्र यांसारख्या कंपन्या आणि एअर इंडियासारखे उपक्रम आपापले संघ बाळगीत. खेळाडू नावाने हौशी असे. प्रत्यक्षात त्याला नोकरी, पगार आणि सरावाची सवड मिळे. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्सच्या संघाने जिंकला, यावरून या व्यवस्थेचे सामर्थ्य ध्यानात येते. परळ-लालबागच्या कामगार वस्तीत फुटबॉलकडे नोकरीचे दार म्हणून पाहिले जाणे यामुळेच स्वाभाविक होते. परंतु हे दार पुरुषांपुरतेच उघडे होते. स्त्री फुटबॉलपटूंना नोकरी देण्याची परंपरा मुंबईच्या गिरण्यांत वा कंपन्यांत निर्माण झाली नाही. याच शहरात पश्चिम रेल्वेने डायना एदलजी यांच्यासारख्या महिला क्रिकेटपटूला नोकरी दिली, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. उणीव शहराच्या वृत्तीत नसून त्या विशिष्ट खेळाच्या आश्रयव्यवस्थेत होती, हे त्यावरून स्पष्ट होते. पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर कापड गिरण्यांचा ऱ्हास होत गेला आणि पुरुषांच्या आश्रयाचाही एक आधार खचला.

भारतातील महिला फुटबॉलचे संघटित पर्व १९७५ साली सुरू झाले. त्या वर्षी भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला व लखनौ येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. अल्पावधीतच या संघाने लक्षणीय यश मिळविले. १९८० मध्ये कालिकत येथील आशियाई स्पर्धेत भारताने दोन संघ उतरविले व त्यांपैकी एकास उपविजेतेपद मिळाले. १९८३ मध्ये बँकॉक येथेही भारत उपविजेता ठरला. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तथापि या यशाला आर्थिक पाया नव्हता. १९९० च्या दशकाच्या आरंभी महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. कारभाराचे हस्तांतर झाले. चरितार्थाचा प्रश्न मात्र राहिला तेथेच राहिला.

या पार्श्वभूमीवर मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांची कारकीर्द पाहावी. त्यांचा जन्म ४ एप्रिल १९८० रोजी इंफाळ येथे झाला. बालपणी त्या मुलांबरोबर खेळत. पुढे वस्तीतील क्लबांतून त्यांना वाट मिळाली. १९९५ साली आशियाई स्पर्धेत ग्वामविरुद्धच्या सामन्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी भारतीय संघात पदार्पण केले. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत त्या खेळल्या. मध्यफळीत खेळून २००१ साली महासंघाच्या सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान त्यांनी मिळविला. तोच मान २०१३ मध्ये पुन्हा त्यांच्याकडे आला.

या दोन सन्मानांमधील बारा वर्षांचे अंतर हा या विवेचनाचा मर्मबिंदू आहे. २००७ नंतर जवळजवळ तीन वर्षे भारतीय महिला संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. २००९ साली निष्क्रियतेमुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताचे नाव गळाले. त्या वेळी बेमबेम देवी एकोणतीस वर्षांच्या होत्या. मध्यफळीतील खेळाडूची समज आणि शक्ती ज्या वयात एकत्र येतात, ते वय अशा रीतीने आंतरराष्ट्रीय मैदानाविना सरले. अशा स्थितीत कोणत्याही खेळाडूने खेळ सोडला असता तर नवल नव्हते. त्या टिकून राहिल्या याचे श्रेय त्यांच्या निष्ठेस आहेच. पण निष्ठेइतकेच ते मणिपूर पोलीस दलातील नोकरीसही द्यावे लागते. मणिपूरमध्ये वस्तीच्या क्लबाने खेळाडू घडवावी, राज्याच्या संघाने तिला राष्ट्रीय स्पर्धेत न्यावे आणि पोलीस दलाने तिला वेतन द्यावे, अशी साखळी जुळून आली होती. मुंबईच्या गिरण्यांनी व कंपन्यांनी पुरुषांसाठी जे केले, तेच तेथे शासकीय सेवेने स्त्रियांसाठी केले.

पुढील काळात या टिकाऊपणाचे फळ दिसून आले. २०१२ व २०१४ या दोन्ही वर्षी बेमबेम देवींच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळविले. २०१४ मध्ये त्या मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबाकडून खेळल्या. क्लबासाठी परदेशी खेळण्याची ही संधी त्यांना वयाच्या चौतिसाव्या वर्षी मिळाली, ही बाब पुरेशी बोलकी आहे. २०१६ मध्ये शिलाँग येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदकानंतर त्या आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाल्या. २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री, हे दोन्ही सन्मान निवृत्तीनंतरचे आहेत. मणिपूर पोलिसांच्याच आणखी एक खेळाडू बाला देवी यांनी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबाशी करार केला. पोलीस सेवेच्या आधारावर उभी राहिलेली पिढी करारबद्ध व्यवसायाच्या उंबरठ्यावर कशी पोचली, याचे ते निदर्शक आहे.

हा अनुभव केवळ भारताचाच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन येथील डिक-केर कारखान्यातील कामगार स्त्रियांनी आपला संघ उभारला. १९२० च्या डिसेंबरात त्यांच्या एका सामन्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले होते. परंतु १९२१ मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली आणि हा निर्बंध सुमारे अर्धशतक टिकला. अमेरिकेत २००१ साली सुरू झालेली स्त्रियांची पूर्ण व्यावसायिक लीग तीन हंगामांनंतर पैशाअभावी बंद पडली. एके ठिकाणी प्रेक्षक असून मैदान नाहीसे झाले, दुसऱ्या ठिकाणी मैदान असून भांडवल आटले. गुणवत्ता दोन्हीकडे होती. तिला धरून ठेवणारी संस्था टिकली नाही.

भारतीय महिला लीगचा पहिला हंगाम २०१६-१७ मध्ये झाला. पुण्याचा संघ त्यात खेळला. पुढील काळात कोल्हापूरचा व माहीमचा संघही लीगमध्ये आला. २०२३ साली महासंघाने क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी प्रत्येकी वार्षिक किमान ३.२ लाख रुपयांचा करार करण्याचे बंधन घालण्याचे ठरविले. ही रक्कम मोठी नाही. तिचे महत्त्व तत्त्वाचे आहे. स्त्रीचा खेळ हे वेतनास पात्र असे श्रम आहे, ही गोष्ट येथे प्रथमच नियमाच्या भाषेत मान्य झाली. परंतु शासकीय नोकरी निवृत्तीपर्यंत पुरते, करार हंगामापुरता असतो. आणि क्लबाचे आयुष्य त्याच्या मालकाच्या ऐपतीवर अवलंबून असते. महिंद्रसारख्या राष्ट्रीय विजेत्या संघाचे २०१० मध्ये विसर्जन झालेले मुंबईने पाहिले आहे.

तेव्हा महिला फुटबॉलचा इतिहास लिहिताना चषकांच्या यादीबरोबरच हजेरीपटांचा, वेतनपत्रकांचा आणि करारांचाही अभ्यास होणे अगत्याचे आहे. बेमबेम देवींची कारकीर्द असामान्य आहे, कारण त्यांचा खेळ असामान्य होता. परंतु ती एकवीस वर्षे टिकली, कारण तिच्यामागे पगार होता. माहीमच्या मैदानावर चेंडू घेऊन उतरणाऱ्या मुलीच्या अंगी तेवढेच गुण असतील, तरी तिची कारकीर्द किती वर्षांची होईल हे केवळ त्या गुणांवर ठरणार नाही.