बायोसमधले लपलेले पर्याय : उघडण्याआधी हे वाचा

हिंगणा रोडवर वानाडोंगरी, डिगडोह भागात इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. तिथं शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी बहुधा एकच लॅपटॉप असतो, तोही कधी सेकंडहँड. व्हिडिओ बघून त्याचा बायोस 'अनलॉक' करायचा मोह होतो. म्हणून ही माहिती देत आहोत.

बायोस म्हणजे काय?
कॉम्प्युटर चालू होताच विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम. आजकाल त्याचं नवं रूप यूईएफआय असतं. तो मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो. ग्राफिक्सची राखीव मेमरी, प्रोसेसरची वीजमर्यादा असे अनेक पर्याय त्यात असतात, पण कंपनी ते मेन्यूत दाखवत नाही. चुकीच्या आकड्यानं मशीन बिघडू नये, हे त्याचं एक कारण.

ते उघडतात कसे?
पहिला मार्ग : फर्मवेअरची फाइल बदलून चिपवर पुन्हा लिहिणं. एएमआय कंपनीच्या बायोससाठी 'एएमआयबीसीपी' हे टूल वापरतात. ते मुळात मदरबोर्ड बनवणाऱ्यांसाठी आहे. २०१३ नंतरच्या अनेक इंटेल मशीनमध्ये 'बूट गार्ड' असतो. तो चालू असेल तर बदललेलं फर्मवेअर मशीन स्वीकारत नाही, लॅपटॉप सुरूच होत नाही.

दुसरा मार्ग : फाइलला हात न लावता फक्त पर्यायाची किंमत बदलणं. 'यूईएफआयटूल'नं सेटअपचा भाग काढतात, 'आयएफआर एक्स्ट्रॅक्टर'नं पर्यायाचा पत्ता शोधतात आणि 'सेटअप-व्हार' किंवा 'आरयू'नं तिथं नवी किंमत लिहितात. हा पत्ता मॉडेल आणि बायोसच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो. दुसऱ्याच्या व्हिडिओतला आकडा तुमच्या मशीनमध्ये भलतीच जागा बदलू शकतो.

आधी काय करावं?
• साधा मेन्यू नीट बघा. व्हर्च्युअलायझेशनसारखा पर्याय पुष्कळदा तिथंच असतो.
• बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.
• महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. बदलायच्या पर्यायाची जुनी किंमतही लिहून ठेवा.
• मूळ बायोसची प्रत काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा.
• चार्जर लावलेला असू द्या. लिहिताना वीज गेली तर मशीन मृत होऊ शकतं.

बिघडलं तर?
सेल काढून घातल्यानं दरवेळी जमत नाही, कारण नव्या मशीनमध्ये या किमती फ्लॅश चिपमध्येच असतात. मग 'सीएच३४१ए'सारख्या प्रोग्रामरनं मूळ प्रत थेट चिपवर लिहावी लागते. चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ ची, हे न बघता जोडली तर ती जळू शकते. हे काम जाणकार रिपेअरवाल्याचं. मूळ प्रत हातात असेल तर त्याचं काम सोपं होतं.

लॅपटॉप कॉलेजचा किंवा कंपनीचा असेल तर ती अमानत आहे, परवानगीशिवाय हात लावू नका. आणि घरात एकच लॅपटॉप असेल, परीक्षा जवळ असेल, तर आमचं सांगणं एकच : हा प्रयोग जुन्या, टाकाऊ मशीनवर करा.